टाकी पुढे, टाकी मागे

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनापाशी थांबतात. सिलिंडर किती, अश्वशक्ती किती, शर्यत कोणी जिंकली, हे सारे तपशिलाने येते. टाकीपासून इंजिनापर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या अडीच सुती नळीविषयी मात्र क्वचितच कोणी चार ओळी खर्च करतो. साहित्यविषयक लेखनाच्या या जागेवर हा विषय कशाला, असे आमच्या वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, कार्बोरेटरच्या गाडीला मुळात नसलेले बळ देऊ पाहणाऱ्या लोकांनी या नळीविषयी जे ज्ञान मिळवले ते फारसे लिहिले गेले नाही. ते सवयीत राहिले, गॅरेजमधल्या बोलण्यात राहिले आणि आख्यायिकांत राहिले. आख्यायिका वाचणे हे तर आमचे रोजचे काम.

आरंभी ही नळी जवळजवळ नव्हतीच. कार्ल बेंझ यांच्या पहिल्या मोटारगाडीत इंधन ठेवण्याचे भांडे हेच कार्बोरेटर होते. त्यातल्या द्रवावरून हवा जाई आणि इंधनाची वाफ घेऊन सिलिंडरात शिरे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टसहाइमला गेल्या. तो प्रवास आता शाळकरी पुस्तकांतही सापडतो. वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन विकत घेतले, ही गोष्ट सगळे सांगतात. तुंबलेला इंधनमार्ग त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळा केला, ही गोष्टही सांगतात, पण गंमत म्हणून. आम्हांला ती गंमत वाटत नाही. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासात गाडी अडली त्या कारणांपैकी एक कारण इंधन पोहोचण्याचे होते, हा त्या पिनेचा अर्थ आहे.

१८९३ मध्ये हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत मायबाख यांनी, इंधनाचा फवारा उडवणारा कार्बोरेटर सिद्ध केला. श्रेय कोणाचे हा वाद आम्ही इथे उकरत नाही. महत्त्वाचा आहे तो कार्बोरेटरातला छोटा हौद. हौदात एक तरंगा असतो. इंधन वर चढले की तरंगा वर येतो आणि सुईसारख्या झडपेने आत येण्याची वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट उघडते. हौदाच्या वरच्या भागाचा बाहेरच्या हवेशी संबंध असतो. म्हणजे नळीतून इंधन कितीही जोराने आलेले असो, सुई ओलांडली की तो जोर संपला. पुढे इंजिन हवा ओढते, त्या ओढीने हौदातले इंधन बारीक छिद्रातून वर येते. पंपाच्या दाबाने ते कधीच येत नाही.

हे एक वाक्य ज्याला नीट कळले त्याला पुढची साठ वर्षे कळली, असे म्हणायला हरकत नाही. इंजिन जोरकस केले की पेट्रोलचा दाबही वाढवला पाहिजे, असा समज सर्वत्र होता आणि अजूनही ऐकू येतो. वस्तुतः कार्बोरेटरला दाब नको असतो, पुरवठा हवा असतो. दाबाची गरज एवढीच की इंधन वेळेवर हौदापर्यंत पोहोचावे. हा दाब दर चौरस इंचाला अमुक पौंड असा मोजतात. त्याचे इंग्रजी लघुरूप पीएसआय. ते ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे फौजदार उभा राहतो, म्हणून या लेखात आम्ही नुसते ‘पौंड’ म्हणणार आहोत. जुन्या स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटराला अडीच पौंडांच्या आसपास दाब मानवतो. होलीच्या चार तोंडांच्या कार्बोरेटराला सहा-सात पौंड चालतात. त्याहून फार वाढवला तर सुई रेट सोसत नाही. हौद भरून वाहतो आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडते. उलट पुरवठा कमी पडला तर हौद रिकामा होतो, मिश्रणात हवा जास्त व इंधन कमी होते, आणि पूर्ण वेगात असलेल्या इंजिनाचा पिस्टन वितळून त्याला भोक पडू शकते. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला भोक. मधली वाट अरुंद आहे.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (१९०८ ते १९२७) ही सगळी चिंता गुरुत्वाकर्षणावर सोपवलेली होती. टाकी पुढच्या आसनाखाली, कार्बोरेटर तिच्याहून खाली. पेट्रोल आपोआप उतरे. चढ लागला आणि टाकीत पेट्रोल कमी असले की मात्र इंजिन टाकीच्या वर जाई आणि गाडी बंद पडे. मग चालक गाडी वळवून उलटी, पाठमोरी चढवत. उलट्या गिअरला जोर अधिक होता, हे त्याचे दुसरे कारण. लोककथेने हे दुसरे कारण वगळले आणि पहिले ठेवले, कारण ते दृश्य म्हणून नामी आहे. पाठमोऱ्या गाड्यांची रांग टेकडी चढते आहे! पण दृश्य खरे होते. तोंड फिरवल्याने टाकी पुन्हा इंजिनाच्या वर येई, एवढाच त्याचा आशय.

याच काळात दुसऱ्या काही वाटाही चोखाळल्या गेल्या. शर्यतीच्या गाड्यांत चालकाशेजारी एक सहायक बसे. वाटेत इंजिनावर नजर ठेवणे आणि हातपंपाने टाकीत हवा भरून पेट्रोल पुढे रेटणे, हे त्याच्या कामांपैकी. घरगुती गाड्यांत इंजिनाच्या स्वतःच्या ओढीने पेट्रोल वरच्या एका छोट्या टाकीत खेचून घेण्याची युक्ती आली. ती सपाटीवर चाले. लांब चढावर चालकाने पाय पूर्ण दाबला की इंजिनाची ओढ मंदावे आणि नेमक्या गरजेच्या वेळी छोटी टाकी रिती होई.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस पडद्याचा यांत्रिक पंप रूढ होऊ लागला. आमच्या मते हा या इतिहासातला सर्वांत शहाणा शोध आहे. इंजिनाचा कॅम एक दांडी हलवतो, दांडी पडदा खाली ओढते आणि पेट्रोल आत येते. ते पुढे ढकलण्याचे काम मात्र दांडी करत नाही. ते पडद्याखालची स्प्रिंग करते. म्हणून दाब ठरतो तो स्प्रिंगच्या ताकदीने, इंजिनाच्या वेगाने नव्हे. कार्बोरेटरचा हौद भरला, सुई मिटली, की पडदा खालीच थांबतो आणि दांडी रिकामी हलत राहते. मागितले तेवढेच द्यायचे, हे यंत्राला न सांगता कळते. शिवाय इंजिन थांबले की पंप थांबतो. या शेवटच्या गुणाची किंमत पुढे अनेकांना फार उशिरा कळली.

१९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरांचे स्वस्त इंजिन आणले, टाकी मागे नेली आणि पंप इंजिनावर बसवला. पंप ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात कच्चा. मागच्या टाकीतून पुढपर्यंत पेट्रोल ओढायचे म्हणजे नळीतला दाब हवेच्या दाबाहून कमी करायचा, आणि दाब उतरला की तापलेले पेट्रोल लवकर उकळते. नळीत वाफ धरली की पंप ती वाफच दाबत आणि सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. ही फोर्ड गाडी त्यासाठी बदनाम होती. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांचे चालक घाटात बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकत. कॅलिफोर्नियाच्या उन्हात फोर्डवाले नेमके हेच करत होते. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती.

याच फोर्ड इंजिनावर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी प्रयोग सुरू केले. मुरॉकच्या कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर ते गाड्या पळवत. १९३७ मध्ये त्यांची सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. १९३६ सालचे मूळ इंजिन ८५ अश्वशक्तीचे आणि त्यावर स्ट्रॉम्बर्ग ९७ हा एक कार्बोरेटर. पोरांनी त्यावर दोन बसवले, तीन बसवले. बाहेरून पाहणाऱ्याला तीन कार्बोरेटर म्हणजे तिप्पट बळ वाटे. पण तिघांच्या मागे पंप एकच, नळी तीच.

इथे थोडे गणित केले पाहिजे. कार्बोरेटरचे इंजिन पूर्ण जोरात असताना दर अश्वशक्तीला तासाला सुमारे अर्धा पौंड पेट्रोल जाळते, असा कारागिरांचा ढोबळ ठोकताळा आहे. ८५ अश्वशक्तीला या हिशेबाने तासाला सुमारे २६ लिटर लागतात, म्हणजे मिनिटाला अर्ध्या लिटरहून कमी. पुढे साठच्या दशकात सुधारलेल्या मोठ्या इंजिनांनी ४०० अश्वशक्ती गाठली, तिथे मिनिटाला २ लिटर. कार्बोरेटरच्या हौदातला साठा अशा वेळी काही सेकंदांत संपतो. आता दाबाच्या तबकडीकडे पाहा. इंजिन निवांत फिरत असताना ती छान सात पौंड दाखवते, कारण पेट्रोल वाहतच नसते. चाळीतल्या नळाला पहाटे चारला जोर असतो आणि सातला सगळ्या मजल्यांवर नळ उघडले की करंगळीएवढी धार येते, तसेच हे. म्हणून जाणते कारागीर तबकडीवर भरवसा ठेवत नसत. कार्बोरेटराकडची नळी सोडवून ती डब्यात धरायची, घड्याळ लावायचे आणि मिनिटात किती पेट्रोल येते ते मोजायचे. आगीचा धोका पत्करून केलेली ही चाचणी हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

पुरवठा कमी पडतो म्हटल्यावर नळी जाड करणे ओघानेच आले. अडीच सुताची तीन सुती, तीनाची चार सुती. घर्षण कमी झाले, लांब अंतराच्या शर्यतीत गुण आला. पण १९५० नंतर सरळ पाव मैलाच्या धावेचे वेड पसरले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. नळी जाड, पंप नवा, तबकडी निर्दोष, तरी गाडी सुटता सुटता अडखळते. कारण असे की गाडी झेप घेते तेव्हा नळीतल्या पेट्रोललाही तिच्याबरोबर पुढे न्यावे लागते, आणि ते मागे राहू पाहते. मागच्या टाकीपासून पुढच्या कार्बोरेटरपर्यंत ३ मीटर नळी आहे आणि झेप गुरुत्वाकर्षणाएवढ्या त्वरणाची आहे असे धरा. त्या क्षणापुरते कार्बोरेटर टाकीच्या ३ मीटर उंच टांगल्यासारखे होते. पेट्रोलचा तेवढा उंच स्तंभ ३ पौंडांहून किंचित अधिक दाब खातो. सात पौंडांतले निम्मे तिथेच गेले. हा तोटा नळीच्या जाडीवर अवलंबून नाही, केवळ लांबीवर आहे. नळी मनगटाएवढी केली तरी तो तेवढाच.

यावर दोन उपाय निघाले. एक सरळ होता. विजेवर चालणारा जास्त दाबाचा पंप मागे, टाकीपाशी, तिच्या तळाच्या खाली बसवायचा, म्हणजे त्याला ओढावे लागत नाही. मग कार्बोरेटराजवळ दाब-नियंत्रक लावून चौदा पौंडांचे सात करायचे. झेप घेताना तीन पौंड गेले तरी नियंत्रकापर्यंत अकरा पोहोचतात. दुसरा उपाय आम्हांला अधिक मोहक वाटतो. टाकीच पुढे न्यायची.

डीन मून हे नाव या संदर्भात घ्यावे लागते. नॉरवॉकमध्ये वडिलांचे ‘मून कॅफे’ होते, तिथे आसपासच्या गाडीवेड्या पोरांची ऊठबस. मून यांच्या आरंभीच्या वस्तूंत एका नळीचे पेट्रोल अनेक कार्बोरेटरांना वाटून देणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा होता. पुढे त्यांनी ॲल्युमिनियमच्या गोलसर टाक्या केल्या. इंजिनाच्याही पुढे, गाडीच्या नाकाशी त्या टाक्या बसवत. झेप घेतल्यावर पेट्रोल मागे राहू पाहते ना? मग त्याला इंजिनाच्या दिशेनेच मागे राहू द्या. मागच्या टाकीला जो तोटा तोच पुढच्या टाकीला नफा. मॉडेल टी उलटी चढवणाऱ्या शेतकऱ्याने जे केले तेच हे. त्याने गाडी फिरवून टाकी वर घेतली, मून यांनी टाकी फिरवली. तीस-चाळीस वर्षांचे अंतर असलेल्या या दोन कृतींचा संबंध कोणी जोडलेला आमच्या वाचनात नाही. कदाचित शेतकऱ्याची कृती अडचणीत आणि मून यांची शोधात मोजली गेली, म्हणून तसे झाले असावे.

पुरवठ्याच्या या कथेतला सर्वांत गाजलेला पुरुष मात्र वेगळा. फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथला स्मोकी युनिक. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक, नंतर मोटार-शर्यतींचा कारागीर, नियमांतल्या फटी शोधणारा म्हणून ख्यातनाम. नासकारच्या नियमांत टाकी किती मोठी असावी हे होते, नळी किती जाड असावी हे नव्हते. आख्यायिका सांगते की युनिकने दोन इंच व्यासाची, अकरा फूट लांबीची नळी गुंडाळून बसवली आणि तीत पाच गॅलन जादा पेट्रोल नेले. १९६८ मध्ये डेटोनाला तपासनिसांनी त्याच्या शेव्हेल गाडीची टाकी काढून ठेवली, दोषांची यादी हातात दिली. युनिक गाडीत बसला आणि टाकीवाचूनच ती चालवत आपल्या गॅरेजकडे निघून गेला.

पहिली गोष्ट मोजून पाहता येते. दोन इंच व्यासाच्या अकरा फूट नळीत १.८ गॅलन मावतात, साधारण ७ लिटर. पाच गॅलन मावायला ती तीस फुटांहून लांब हवी किंवा तिचा व्यास तीन इंचांहून अधिक हवा. तेव्हा अकरा फूट, दोन इंच आणि पाच गॅलन ही तीन विधाने एकत्र खरी असू शकत नाहीत. तरी गेली अनेक वर्षे ती एकत्रच छापली जातात. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राच्या परंपरेत एका लीळेचे भिन्न पाठ कोणाच्या ‘वासने’चे ते नोंदवून ठेवण्याची शिस्त आहे. गॅरेजच्या परंपरेला असा नोंदकर्ता मिळाला नाही. युनिकचे आत्मचरित्र २००१ मध्ये आले, त्याच वर्षी तो वारला, आणि आता सर्व पाठ एकाच माणसाच्या तोंडी घातले जातात. दुसरी गोष्ट मात्र या गणिताने खोटी ठरत नाही. ट्रॅकपासून गॅरेजपर्यंत जायला दोन गॅलनही खूप झाले. आकडा फुगला आहे, फट खरी आहे.

या आख्यायिकेच्या हशात एक गोष्ट झाकली जाते. जादा पेट्रोल म्हणजे जादा आग. फायरबॉल रॉबर्ट्स हा युनिकच्या गाड्यांचा चालक. १९६२ ची डेटोना ५०० शर्यत त्याने युनिकने तयार केलेल्या पाँटियाकमधून जिंकली होती. २४ मे १९६४ रोजी शार्लटच्या शर्यतीत तो फोर्ड गाडीत होता. पुढच्या दोन गाड्या एकमेकींना लागल्या, त्यांना चुकवताना त्याची गाडी भिंतीवर जाऊन उलटली, टाकी फुटली आणि पेट पडला. त्या दोघांपैकी एक चालक, नेड जॅरेट, याने धावत जाऊन त्याला बाहेर काढले. २ जुलैला रॉबर्ट्स गेला. त्याच मे महिन्याच्या ३० तारखेला इंडियानापोलिसला एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोघे पेट्रोलच्या आगीत सापडून मेले. त्यानंतरच्या वर्षांत टाकीच्या आत रबरी पिशवी आली, जी आघाताने चेपते पण सहसा फाटत नाही.

यांत्रिक पंपाच्या त्या शेवटच्या गुणाकडे इथे परत वळले पाहिजे. इंजिन थांबले की तो थांबतो. मागे बसवलेला विजेचा पंप थांबत नाही. अपघातात नळी तुटली, चालक बेशुद्ध आहे, किल्ली फिरवलेलीच आहे, तर पंप तुटक्या टोकातून मिनिटाला दोन लिटर पेट्रोल रस्त्यावर ओतत राहतो. म्हणून तेलाचा दाब उतरला किंवा जबर हिसका बसला की पंपाची वीज तोडणारी कळ लावण्याची पद्धत आली. हौशी लोकांच्या गाड्यांत ती कळ आजही पुष्कळदा नसते. तिने गाडी वेगवान होत नाही, आणि तिच्याविषयी कोणी गोष्ट सांगत नाही.

नासकारच्या सर्वोच्च मालिकेत कार्बोरेटर २०११ च्या मोसमापर्यंत टिकला. २०१२ पासून तिथे संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणारी योजना आली. तीत दाब थेट छिद्रापर्यंत जातो आणि तो चाळीस पौंडांच्या पुढे असतो. तरंगा, सुई, हौद काहीच नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला असा पंप कोणी उत्साहाने जोडला आणि नियंत्रक विसरला, तर सुई एका क्षणात हार खाते. जुन्या गाड्यांचे जाणते कारागीर नव्या गिऱ्हाइकाला हा इशारा आधी देतात, बाकीचे नंतर. मून यांच्या गोल टाक्या अजून बनतात आणि विकल्या जातात. काही गाड्यांत त्यांतून खरोखर पेट्रोल वाहते, काहींत त्या नाकावर नुसत्या चमकतात आणि पेट्रोलची टाकी मागेच असते.